एका दुर्गाचें पुनर्दर्शन



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें किल्ले येतात, तह येतात, सनदा आणि लढाया येतात. फार झालें तर एखाद्या शहराची जुनी बाजारपेठ येते. व्हिडिओ खेळ त्यांत कोणी धरीत नाहीं. ज्या खेळाविषयीं मी आज बोलणार आहें तो मात्र एका किल्ल्याचाच खेळ आहे. हा किल्ला आमच्या लळिंगप्रमाणें मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर नाहीं. विजेच्या ठिपक्यांनीं तो जपानमधील कोनामी या कंपनीनें १९८६ सालीं बांधला. जपानांत त्याचें नांव 'अकुमाजो ड्रॅक्युला', म्हणजे दैत्यदुर्गांतील ड्रॅक्युला. पुढील वर्षीं अमेरिकेंत तो 'कॅसलव्हेनिया' या नांवानें विकला गेला, आणि जगभर आज तो याच नांवानें ओळखला जातो.

विद्यार्थिदशेंत हा खेळ मीं धुळ्यांत पाहिला. कंपनीनें आपल्या जुन्या खेळांचा एक संग्रह २०१९ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतून तो अलीकडे पुन्हां सावकाशपणें, शेवटपर्यंत खेळून पाहिला. लहानपणीं प्रशस्त वाटलेलीं घरें मोठेपणीं अरुंद दिसतात, असा आपला सर्वांचा अनुभव आहे. या दुर्गाच्या भिंती मला तितक्याच उंच वाटल्या. या खेपेस मला अडवून धरलें तें मात्र त्यांतील राक्षसांनीं नव्हे, तर खेळ संपल्यावर पडद्यावर हळूहळू सरकणाऱ्या नांवांच्या एका यादीनें. त्या यादीपर्यंत आपणांस घेऊन जावें, एवढाच आजचा माझा हेतु आहे. परंतु वाट दुर्गांतूनच जाते, त्याला इलाज नाहीं.

कथा चार ओळींची आहे. काळ १६९१, स्थळ ट्रान्सिल्व्हानिया. डोंगरावर ड्रॅक्युलाचा वाडा, आणि हातांत चाबूक घेऊन एकटाच त्याच्यावर चालून जाणारा सायमन बेलमाँट हा वीर. (चाबूक घेतलेला पुरुष आपण पाहिलेला असतो तो पोतराजाच्या रूपानें, तो स्वतःच्याच अंगावर फटके मारून घेतो. येथील फटके शत्रूंसाठीं आहेत.) वाटेंत मेणबत्त्या जळत असतात. त्या फोडल्या म्हणजे त्यांतून बदामी आकाराचीं हृदयें गळतात, आणि तीं खर्चून खंजीर, कुऱ्हाड, क्रूस, मंतरलेलें पाणी किंवा क्षणभर काळ थांबविणारें घड्याळ वापरतां येतें. कांहीं भिंती फोडल्या कीं आंत भाजलेलें मांस सांपडतें आणि तें खाल्लें कीं वीराच्या अंगीं पुन्हां बळ येतें. तें भिंतींत ताजें कसें राहतें, हा प्रश्न आम्हां मुलांना कधीं पडला नाहीं.

या सर्व सामग्रीस इंग्रजींत 'गॉथिक' म्हणतात. हा शब्द मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक खानदेशकरास कानांनीं नसला तरी डोळ्यांनीं ठाऊक आहे. बोरीबंदरचें जें भव्य स्टेशन आज छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जातें, त्याच्या टोंकदार कमानी, मनोरे आणि दगडांतून डोकावणारे पशुपक्षी हे सर्व त्याच शैलीचे. स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें आंखलेली ती इमारत १८८८ सालीं पुरी झाली. वाङ्मयांत या शैलीची सुरुवात होरेस वॉल्पोल याच्या १७६४ मधील एका किल्ल्याच्याच कथेनें झाली, असें मानतात. पुढें ज्या १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तापीकांठचें थाळनेर इंग्रजांच्या हातीं गेलें, त्याच सालच्या आरंभीं मेरी शेली या तरुणीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. ब्राम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला १८९७ सालीं.

येथें एक लहानसा फाटा फोडतों. विक्रम आणि वेताळ यांच्या कथांचें इंग्रजी रूपांतर रिचर्ड बर्टन यानें १८७० सालीं प्रसिद्ध केलें आणि शीर्षकांत वेताळासाठीं त्यानें 'व्हॅम्पायर' हा शब्द योजिला. बर्टन हा मुंबई सरकारच्या फौजेंत नोकरी केलेला मनुष्य. स्टोकरची आणि त्याची गांठ पडली होती. पुढें १९०६ सालच्या आठवणींत स्टोकरनें, बोलतांना बर्टनचा वरचा ओंठ कसा उचलला जाई आणि सुळा कसा चमके, याचें वर्णन केलें आहे. यावरून आमचा वेताळच ड्रॅक्युलाचा आजा होय असें कोणी म्हणेल, तर मी त्याच्या मागें जाणार नाहीं. वेताळ झाडाला उलटा लोंबतो, राजाला कोडीं घालतो आणि उत्तर मिळतांच परत झाडावर जातो. रक्त पिण्याची त्याला घाई नसते. शब्द मात्र एकाच्या अंगावरचा दुसऱ्याच्या अंगावर चढला, इतकें खरें.

आतां दुर्गाकडे वळूं. या दुर्गाचे सहा मजले आणि प्रत्येकाचे तीन भाग, असे अठरा टप्पे आहेत. सहा मजल्यांवर सहा मोठे शत्रु: प्रचंड वटवाघूळ, सर्पकेशा मेदूसा, ममींची जोडी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, साक्षात् मृत्यु, आणि अखेरीस ड्रॅक्युला. पण खरी करामत शत्रूंची नाहीं, रचनेची आहे. नव्या मजल्याच्या आरंभीं सबंध वाड्याचा नकाशा दाखविला जातो, आणि तुम्ही कोठें आहांत हें त्यावर कळतें. तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या तटावरून चालत असतांना, दूर आकाशांत एक मनोरा दिसतो. शेवटची लढाई त्याच मनोऱ्यांत व्हावयाची असते. तेथून वाट खालीं भुयारांत उतरते, मनोरा दिसेनासा होतो, मग तुरुंग, मग प्रयोगशाळा, मग घड्याळाचा बुरूज, आणि त्यापुढें तो मनोरा. लळिंग चढतांना नेमकें असेंच होतें. पायथ्याच्या महादेवापासून निघालें कीं माथा दिसतो, वाट वळली कीं नाहींसा होतो, आणि शेवटीं एकाएकीं आपण त्याच्यावर उभे असतों. आजच्या किती तरी अवाढव्य खेळांत मनुष्य हरवून जातो. १९८६ च्या या खेळांत तो कधींही हरवत नाहीं, आणि हा सारा वाडा, त्यांतील चित्रें, शत्रु आणि संगीत धरून, अमेरिकन आवृत्तींत अवघ्या १२८ किलोबाइटांत बसविलेला आहे. हल्लीं फोनवरून पाठविलेलें एक साधें छायाचित्रही पुष्कळ वेळां याहून अधिक जागा घेतें.

दुसरी गोष्ट उडीची. त्याच यंत्रावरील 'सुपर मारिओ' हा खेळ एक वर्ष आधींचा, १९८५ चा. त्यांतील वीर हवेंत असतांनाही आपली दिशा बदलूं शकतो. सायमनला ती मुभा नाहीं. त्यानें एकदां पाय उचलला कीं ती उडी पुरी होईपर्यंत तो तुमच्या हातीं नसतो. शिवाय मार बसला तर तो मागें फेकला जातो, आणि मागें खड्डा असला तर सगळेंच आटोपतें. अनेकांनीं हा खेळाचा दोष म्हणून सांगितला आहे. माझें मत उलट आहे. येथें प्रत्येक शत्रूची चाल ठरलेली आहे. मेदूसेचीं मुंडकीं लाटेप्रमाणें वरखालीं होत येतात, आणि त्या लाटेचा हिशेब पाय उचलण्यापूर्वींच मनांत करावा लागतो. पांचव्या मजल्याच्या अखेरीस एक लांब दालन आहे. समोरून चिलखतधारी पुरुष कुऱ्हाडी फेंकीत असतात, दोन्ही अंगांनीं मुंडकीं येत असतात, आणि दाराआड मृत्यु उभा असतो. त्या दालनांत हातांच्या चपळाईपेक्षां धीर अधिक उपयोगी पडतो. खेळाच्या कर्त्यांनीं वीराचे पाय बांधले ते बुद्धीला वाव मिळावा म्हणूनच, असें मला वाटतें. सगळ्याच गोष्टींचें कौतुक करावें असें मात्र नाहीं. चौथ्या मजल्यावरील भुयार, सरकते दगड आणि त्यांच्याभोंवतीं भिरभिरणारीं वटवाघळें, मला पूर्वींही नीरस वाटलें होतें आणि आतांही वाटलें.

संगीताविषयीं रेडिओवर बोलावयाचें आणि तें ऐकवावयाचें नाहीं, ही थट्टाच आहे. तरी चार शब्द बोलतों. त्या यंत्रापाशीं दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर आणि ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठीं एक वाट, एवढाच वाद्यवृंद होता. एवढ्यावर पहिल्या मजल्याची 'व्हॅम्पायर किलर' ही चाल बांधली गेली. पुढील चाळीस वर्षांत त्या मालिकेंतील अनेक खेळांनीं ती पुन्हां पुन्हां नव्या वाद्यांवर वाजविली आहे.

आणि आतां ती यादी. ड्रॅक्युला पडतो, वाडा कोसळतो, आणि चित्रपटाच्या अखेरीप्रमाणें नांवें सरकूं लागतात. दिग्दर्शन, ट्रान्स फिशर्स. पटकथा, व्राम स्टोकर. संगीत, जेम्स बनाना. त्याखालीं नटमंडळी: ड्रॅक्युलाच्या भूमिकेंत ख्रिस्तोफर बी, मृत्यूच्या भूमिकेंत बेलो लुगोसी, राक्षसाच्या भूमिकेंत बोरिस कार्लोफिस, वटवाघळाच्या भूमिकेंत मिक्स श्रेक्स. सगळींच नांवें खोटीं!

लहानपणीं हीं नांवें आम्हांस परकीय म्हणूनच विचित्र वाटत. आतां तीं वाचतांना त्यांतील थट्टा उमगते आणि थट्टेमागचा अभ्यासही उमगतो. टेरेन्स फिशर हा १९५८ सालच्या इंग्रजी 'ड्रॅक्युला' चित्रपटाचा दिग्दर्शक. त्याचें संगीत जेम्स बर्नार्डचें आणि त्यांतील ड्रॅक्युला ख्रिस्तोफर ली. बेला लुगोसी १९३१ च्या अमेरिकन चित्रपटांतील ड्रॅक्युला, बोरिस कार्लोफ त्याच सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधील राक्षस, आणि मॅक्स श्रेक १९२२ च्या जर्मन 'नोस्फेराटु' या मूकपटांतील पिशाच. म्हणजे ज्यांना आपलीं नांवें सांगण्याची सोय नव्हती, त्यांनीं आपलें ऋण मात्र चोख सांगितलें आहे. आम्हीं हा वाडा कोणकोणत्या खाणींच्या दगडांनीं बांधला, याची ती कबुली आहे. बांधणारे कोण, एवढेंच तींत नाहीं.

असें कां व्हावें? त्या काळीं जपानांतील अनेक कंपन्या खेळांच्या कर्त्यांची खरीं नांवें छापीत नसत. नांव कळलें म्हणजे प्रतिस्पर्धी माणूस पळवील, हें त्याचें कारण सांगितलें जातें. लेखकाचें नांव छापल्यावांचून पुस्तक निघत नाहीं, गायकाच्या नांवावांचून ध्वनिमुद्रिका निघत नाहीं. पण ज्या वस्तूच्या लाखों प्रती जगभर गेल्या तिच्या कर्त्यांना विदूषकाचे मुखवटे घालून रंगभूमीवर यावें लागलें. जेम्स बनाना या मुखवट्यामागें किनुयो यामाशिता ही तरुण स्त्री होती. १९८६ सालींच ओसाका येथील शिक्षण संपवून ती कंपनींत आली होती आणि हेंच तिचें पहिलें काम. सातोए तेराशिमा हिचाही त्या संगीतांत वाटा होता. ज्या चाली जगांतील कित्येक मुलांच्या तोंडीं बसल्या त्या दोन तरुण स्त्रियांनीं रचिल्या होत्या. त्या मुलांना मात्र बनाना नांवाच्या एका पुरुषाचीच ओळख होती. दिग्दर्शक म्हणून आज हितोशि आकामात्सु यांचें नांव सांगतात. हें सर्व पुढें, मुलाखतींतून आणि शोधकांच्या खटपटींतून, तुकड्यातुकड्यांनीं बाहेर आलें. मूळ खेळांत यांपैकीं एकही अक्षर नाहीं.

धुळ्याच्या मनुष्याला या ठिकाणीं इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होणें साहजिक आहे. स्टोकरचा 'ड्रॅक्युला' निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८९८ सालीं, 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें असे बावीस खंड झाले. वाड्यांच्या माळ्यांवर, वाळवीच्या तोंडीं पडलेले मोडी कागद, ज्यांना घरचे लोक रद्दी समजत, ते त्यांनीं गांवोगांव हिंडून गोळा केले. बखर कांहींही म्हणो, अस्सल कागद काय म्हणतो तें पाहा, हा त्यांचा हट्ट होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांनीं धुळ्यांत देह ठेविला आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें येथें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर ती खोट्या नांवांची यादी हाही एक अस्सल कागदच आहे. तो खरें सांगत नाहीं, पण सांगण्याची बंदी होती हें सांगतो.

कागदाविषयीं बोलतों आहें तर हेंही सांगितलें पाहिजे कीं हा खेळ जपानांत प्रथम आला तो चुंबकीय चकतीवर. या चकत्यांची व्यवस्था मोठी चमत्कारिक होती. जुन्या खेळाचा कंटाळा आला कीं मुलांनीं चकती घेऊन दुकानांत जावें, ५०० येन द्यावे, आणि तेथील यंत्रानें जुना खेळ पुसून त्याच चकतीवर नवा लिहून द्यावा. पाटी पुसून पुन्हां वापरावी तसें हें. स्वस्त खरें, परंतु अशा रीतीनें किती दुर्ग पुसले गेले असतील! ही लिहून देण्याची सोय २००३ सालीं बंद झाली, आणि चुंबकीय चकतीचें आयुष्य तर वाळवीवांचूनही संपतें.

आमच्याकडे ही कथा आणखी एक पायरी खालीं उतरते. अस्सल जपानी यंत्र आणि अस्सल खेळ धुळ्यासारख्या शहरीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. १९९० नंतरच्या दशकांत तैवान-चीनकडील नकला निरनिराळ्या नांवांनीं आल्या, आणि त्यांत बसविण्याच्या प्लास्टिकच्या पेट्यांना आपण सर्वजण 'कॅसेट' म्हणूं लागलों. आग्रा रोडवर खरेदी केलेली कॅसेट चार घरांत फिरे, गल्ली नंबर चारमधून सहामध्यें जाई, आणि धूळ बसली म्हणून तोंडानें फुंकून पुन्हां बसविली जाई. चकतीवरील खेळांत प्रगति नोंदवून ठेवण्याची सोय होती. कॅसेटवरील खेळांत ती नव्हती. पांचव्या मजल्यावर पोंचावें आणि वीज जावी, हें त्या काळच्या खानदेशांत नित्याचेंच. त्या नकलांपैकीं पुष्कळांवर कंपनीच्या हक्काची ओळही पुसलेली असे. म्हणजे कंपनीनें कर्त्यांचीं नांवें झांकलीं आणि नकलाकारांनीं कंपनीचें नांव पुसलें. आमच्यापर्यंत पोंचला तो केवळ दुर्ग.

लळिंगचेंही असेंच नाहीं कां? बहामनी फौजेपुढें माघार घेऊन नासिरखान फारुकी लळिंगच्या आश्रयास आला आणि त्यानंतर लवकरच, १४३७ सालीं, वारला. त्याची हकीकत फिरिश्त्यानें लिहिली. फिरिश्त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८२९ सालीं प्रसिद्ध करणारा जॉन ब्रिग्ज हाच १८१८ नंतर खानदेशचा कारभार पाहणारा आणि धुळ्याची नवी पेठ वसविणारा अधिकारी. लढणाऱ्याचें नांव आहे, लिहिणाऱ्याचें आहे, भाषांतर करणाऱ्याचेंही आहे. माथ्यावरचीं पाण्याचीं टाकीं ज्यांनीं खडक फोडून खोदलीं त्यांचीं नांवें कोणींच लिहिलीं नाहींत. तेथें आपला नाइलाज आहे. पांचशें-सहाशें वर्षें उलटून गेलीं. या दुसऱ्या दुर्गाला तर चाळीसच वर्षें झालीं, आणि बांधणाऱ्यांपैकीं कांहीं अद्याप काम करीत आहेत. यामाशिता यांनीं पुढें स्वतःच्या नांवानें संगीत दिलें आणि मुलाखतीही दिल्या.

स्थिति पुढें बदलली, हें सांगावयास आनंद वाटतो. याच मालिकेंतील १९९७ चा 'सिम्फनी ऑफ द नाइट' हा खेळ संपला कीं येणारीं नांवें खरीं असतात. कोजि इगाराशि आणि संगीतकार मिचिरु यामाने हीं नांवें त्यामुळेंच खेळाडूंस ठाऊक झालीं. आपल्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील खेळ काढला, त्याचे कर्ते तर पहिल्या दिवसापासून आपल्या नांवानिशीं लोकांपुढें आले. महाराष्ट्रांतील या कलेचा इतिहास लिहिणाऱ्यास निदान त्यांच्या बाबतींत माळे धुंडाळावे लागणार नाहींत.

१९८६ च्या दुर्गांत मात्र कंपनीनें २०१९ सालींही कांहीं बदललेलें नाहीं. जुना खेळ जसाच्या तसा ठेवावा हें धोरण योग्यच, आणि मींही तेंच केलें असतें. त्यामुळें ड्रॅक्युला पडला कीं अद्यापही व्राम स्टोकर येतो, जेम्स बनाना येतो. यादी संपते. मग पडदा क्षणभर काळा होतो, आणि खेळ पुन्हां पहिल्या दरवाजापासून सुरू होतो. तोच चाबूक, त्याच मेणबत्त्या, शत्रु मात्र या खेपेस अधिक.